तीच नोंद, नवा पत्ता

सोमवार, २ सप्टेंबर

आज सगळं हिरवं. सकाळी ऑफिसात शिरले तेव्हा भिंतीवरच्या पडद्यावर आमच्या सर्व्हिसपुढचे सगळे ठिपके हिरवे होते आणि साहेब कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत उभे होते, पिकाला आलेलं शेत बघावं तसे. म्हणाले, "वा! डोळे निवले." मी म्हटलं, "नजर लावू नका."

लिहायला घेतलं, कारण महिनाअखेर शहराच्या अँब्युलन्स कंट्रोल रूमची जुनी यंत्रणा बंद होऊन आमची नवी सुरू होणार आणि तोवर पोटातलं बोलायला जागा नाही. ऑफिसात बोललं की त्याची मीटिंग होते. घरी मी एकटी.

नवी यंत्रणा तुकड्यातुकड्यांची आहे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक वेगळा प्रोग्राम, त्याला आम्ही सर्व्हिस म्हणतो. फोन आला की एक सर्व्हिस नोंद करते: कोण, कुठं, काय झालंय. ती मेसेज पाठवते. तो मधल्या रांगेत येऊन थांबतो, तिथून माझी सर्व्हिस तो उचलते, जवळची रिकामी गाडी नेमते आणि "मिळाला" अशी पोच देते. पोच वेळेत गेली नाही तर रांग तोच मेसेज पुन्हा पाठवते. एका आजाऱ्यासाठी दोन गाड्या निघायला नकोत, म्हणून माझी सर्व्हिस नोंदीचा नंबर बघते. आधी येऊन गेलेला नंबर असेल तर पोच देते आणि सोडून देते.

हे सगळं एकटीनं तपासायचं असतं. खरी रांग, खरी नोंद सर्व्हिस, खऱ्या गाड्या, काहीच जोडायचं नाही. त्यांच्या जागी नकली उभे करायचे. पंतोजींनी त्यांचं नाव ठेवलंय तोतये. (पंतोजी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे. काहीही विचारा, आधी प्रस्तावना करतात.) तोतया मेसेज पाठवतो, माझी सर्व्हिस बरोबर वागली की हिरवं, चुकली की लाल. फायदा असा की लाल झालं तर घाण आपल्याच घरातली, शेजारणीच्या दारात ढकलता येत नाही.

नोंद सर्व्हिसचा तोतया मी लिहिलाय. ती सर्व्हिस ताईच्या टीमची. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, नदीपलीकडच्या कंपनीत आहे. आडनावं वेगळी, म्हणून इथं कुणाला माहीत नाही. त्यांचे मेसेज कसे येतील ते दोन्ही कंपन्यांच्या करारात लिहिलंय. आणि ताई कशी बोलेल ते मला शाळेपासून पाठ आहे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आईचा फोन. आई ताईकडं असते. बाबा गेल्यावर ताईनं घर बंद केलं, आईचं सामान गाडीत घातलं आणि घेऊन गेली. मला विचारलं नाही. मी तेव्हा परगावच्या कामावर परतले होते हे खरं, पण फोन तर होता. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आणि आई मध्ये.

"ताई विचारत होती, वेळच्या वेळी जेवतेस ना?"

"तिला कशाला चौकशा?"

"अगं, काळजी वाटते तिला. म्हणाली, हाडं वर आली असतील पोरीची."

ताई हल्ली अगदी आईसारखी बोलायला लागलीय. वय होतंय.

मी म्हटलं, "तिला म्हणावं, निरोप कसले पाठवतेस? आईला न्यायच्या आधी मला एक शब्द विचारला असतास तर जीभ झडली नसती तुझी."

आई गॅस बंद करते म्हणून गेली. मग म्हणाली, "बरं. सांगते हं."

मंगळवार, १० सप्टेंबर

कालपासून नवी यंत्रणा सावलीत चालू आहे. म्हणजे खरे फोन दोन्हींकडं जातात. जुनी खरोखर गाडी पाठवते, आमची फक्त लिहून ठेवते की मी असते तर ही गाडी इथं पाठवली असती. सकाळी दोन्ही शेजारी लावून बघायचं. आत्तापर्यंत जुळतंय. तरी मी प्रत्येक ओळ दोनदा बघते. इतके दिवस तोतयांशी बोलणाऱ्या सर्व्हिसला पहिल्यांदाच खऱ्या माणसांचे पत्ते येताहेत. कुणाची तरी छाती दुखतेय, कुणी जिन्यावरून पडलंय.

आईनं फोन केला. "सांगितलं तिला. म्हणाली, खरं आहे गं तिचं. चुकलंच माझं."

आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण टिकेना. ताई "चुकलं" म्हणाली? शाळेत तिनं माझी पट्टी मोडली तेव्हासुद्धा पट्टीच कच्ची होती.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

जुळलं नाही. एकच.

जुन्या यंत्रणेनं नव्या बाजारात गाडी पाठवली. आमच्या यंत्रणेनं पाठवली असती जुन्या बाजारात. शहराची दोन टोकं.

पंतोजींनी प्रस्तावना केली आणि शेवटी म्हणाले, फोन घेणाऱ्याची चूक असेल. मी कंट्रोल रूमला गेले. तिथल्या मुख्य बाईंनी रेकॉर्डिंग ऐकवलं. म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. "हिला श्वास घेता येत नाहीये हो. जुना बाजार, बँकेच्या वरच्या मजल्यावर." फोन घेणारी समजावतेय, बसवा, मागं उशा द्या. मग एकदम, "अहो नाही! नवा! नवा बाजार! मी जुना म्हणालो का? आम्ही नुकतेच राहायला आलोय इथं."

"बदललं काका, बदललं. गाडी वळवते."

"जुना म्हणालो का मी?"

तो हे तीनदा विचारतो. मागून बाईचा श्वास ऐकू येतो, करवत ओढावी तसा.

मुख्य बाई म्हणाल्या, आजी बऱ्या आहेत. जुन्या यंत्रणेनं गाडी वळवली होती. 

परत येताना डोकं चालायला लागलं. पत्ता बदलला तो ताईच्या सर्व्हिसमध्ये. म्हणजे पुढं कळवायचा राहिला तो तिच्याकडून. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. घरी येऊन नीट जेवले.

शनिवार, १४ सप्टेंबर

ताईच्या टीमला लेखी प्रश्न पाठवला. नियमच आहे, दोन कंपन्यांनी काय बोलायचं ते लेखी आणि साहेबांमार्फत. मी लिहिलं की दुरुस्त पत्ता पुढं न पाठवण्याइतकी गंभीर त्रुटी आपल्या टेस्टमध्ये कशी सुटली याचं आश्चर्य वाटतं. पंतोजींनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. "बाई, यातलं 'आश्चर्य' काढा. प्रश्न विचारताय की कान पिळताय?"

काढलं नाही.

सोमवार, १६ सप्टेंबर

उत्तर आलं. "दुरुस्त पत्त्याचा मेसेज पाठवला आहे. आपल्या सर्व्हिसकडून त्याची पोच मिळाली आहे. आमच्या सर्व टेस्ट हिरव्या आहेत. कृपया आपल्या बाजूने तपासावे."

"कृपया" वाचताना मला ताईची मान दिसली, किंचित तिरकी.

पोच मिळाली? माझ्याकडून?

साहेब म्हणाले, "एकाच केसवरून किती धुरळा! त्यांचं हिरवं, आपलंही हिरवं. जुन्या यंत्रणेची मुदत तीस तारखेला संपतेय, एक दिवस वाढवून मिळणार नाही. आता खुसपटं काढू नका."

मंगळवार, १७ सप्टेंबर

सापडलं. 

ताईची सर्व्हिस पत्ता बदलल्यावर मेसेज पुन्हा पाठवते, तोच नोंदीचा नंबर आणि नवा पत्ता. बरोबरच आहे, आजारी माणूस तोच, फोन तोच, मग नंबर कशाला बदलेल? आणि माझी सर्व्हिस काय करते? नंबर बघते. हा तर येऊन गेलाय. पोच देते. सोडून देते. पत्ता वाचतसुद्धा नाही. कुठं टिपूनही ठेवत नाही, कारण दुबार आलेला मेसेज काय टिपायचा, असं मीच ठरवलं होतं.

ताईला पोच मिळाली म्हणून ताई निर्धास्त. मी दुबार गाळलं म्हणून मी निर्धास्त. करारात एकच वाक्य आहे, "एका फोनला एकच नंबर राहील." तिनं ते एका अर्थानं वाचलं, मी दुसऱ्या. दोघींनी शब्दन् शब्द पाळलाय.

तोतयाला आज पहिल्यांदा वाकडं वागायला लावलं. आधी जुना बाजार, मग त्याच नंबरनं नवा बाजार. टेस्ट लाल. इतक्या दिवसांत माझा तोतया असा कधी वागलाच नव्हता. कधी पत्ता चुकला नाही, कधी घाबरला नाही, कधी "नाही नाही" म्हणाला नाही. पंतोजी वाकून बघत होते. म्हणाले, "फार संस्कारी होता तुमचा तोतया." एरवी मी हसले असते.

त्या काकांचा आवाज डोक्यातून जात नाहीये.

बुधवार, १८ सप्टेंबर

आधी वाटलं, माझं मीच निस्तरीन. पत्ता वेगळा दिसला की दुरुस्ती समजायची आणि गाडी वळवायची. कुणाला कळवायला नको, कुणाकडं जायला नको. जेवणाच्या सुट्टीआधी लिहूनही झालं. मग तोतयाला आणखी वाकडं केलं. जुना पत्ता, नवा पत्ता आणि पोच रस्त्यात हरवली म्हणून रांगेनं पुन्हा पाठवलेला जुना पत्ता. माझ्या शहाण्या सर्व्हिसनं गाडी वळवली, आणि परत उलटी वळवली.

कुठला पत्ता नंतरचा, हे माझ्या बाजूनं कळायला काही मार्ग नाही. ते फक्त नोंद सर्व्हिस सांगू शकते. प्रत्येक मेसेजवर दुरुस्तीचा आकडा हवा: पहिला, दुसरा, तिसरा. म्हणजे ताईच्या टीमनं त्यांच्याकडं बदल करायला हवा.

साहेबांना सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. "त्यांना कळवलं की ते त्यांच्या वरच्यांना कळवणार. मग चौकशी, मग तारीख पुढं. जुनी यंत्रणा तर बंद होणारच. मधल्या दिवसांत काय, डायऱ्या घेऊन गाड्या पाठवायच्या?"

"मग काय करायचं?"

"कंट्रोल रूमला सूचना देऊ. पत्ता बदलला तर जुनी नोंद रद्द करा, नवीन करा. नवा नंबर पडेल, प्रश्न मिटला."

ऐकायला सोपं आहे. पण फोनवर माणूस ओरडत असताना कोण आधी रद्द करेल, मग सगळं पुन्हा लिहील? आणि तोवर गाडी कुठं जाईल? मी हे म्हणाले. साहेब म्हणाले, "जगात काहीच शंभर टक्के नसतं." वाईट माणूस नाही. घाबरलेला आहे. मीही आहे.

लेखी कळवायचं तर कागद साहेबांच्याच टेबलावरून जातो. एकच रस्ता उरतो आणि तो मला नको आहे.

गुरुवार, १९ सप्टेंबर

सकाळी ताईला फोन केला. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून. नंबर अजून "ताई" नावानंच होता.

"बोला," ताई म्हणाली.

"मी बोलतेय."

"दिसतंय नाव. आई ठीक आहे, मघाशीच फिरून आली."

"आईचं नाही. कामाचं आहे. लेखी विचारता येत नाही म्हणून."

"का? लेखी तर फार छान लिहितेस. आश्चर्य वगैरे."

मी गिळलं. म्हटलं, "चूक माझ्याकडं आहे. ऐक." आणि सगळं सांगितलं. नंबर, पोच, सोडून देणं. ती मध्ये बोलली नाही. ताई मध्ये बोलत नाही म्हणजे ती ऐकतेय हे मला इतक्या वर्षांनीही कळलं.

मग म्हणाली, "म्हणजे माझ्या पडद्यावर दिसणार, नवा पत्ता पोचला..."

"आणि गाडी जुन्याच दारात."

"माझ्याकडचा तुझा तोतया काहीही पाठवलं तरी म्हणतो, मिळालं, गाडी निघाली."

"तू पण तोतया म्हणतेस?"

"नाही गं, आम्ही डमी म्हणतो. आत्ता तुझ्याच तोंडून ऐकलं. पण तोतया बरं आहे." थांबली. "चूक तुझ्या एकटीची नाही. मी तुझ्याकडून हो शिवाय दुसरं उत्तर धरलंच नव्हतं. दुरुस्तीचा आकडा घालते मी. चार दिवस लागतील, आणि माझ्या साहेबांनाही तारखेचंच भूत चढलंय. उद्या तुमच्याकडं येते. दोघींनी मिळून बोलू."

मी बरं म्हटलं. ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आणि... तू आईजवळ माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस ना, ऑपरेशन टाळू नको म्हणून निरोप दिलास. बरं वाटलं मला."

गुडघा? ऑपरेशन? मला तर तिचा गुडघा दुखतो हेच माहीत नव्हतं. पण ती इतक्या हळू आवाजात म्हणाली की नाही म्हणवेना. कामाच्या घाईत आईला काहीतरी बोलून गेले असेन.

शुक्रवार, २० सप्टेंबर

ताई आली. जिना चढताना कठड्याला धरून, एकेक पायरी. केस पांढरे झालेत कानांजवळ. मला कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांपुढं तिनं प्रस्तावना केली नाही. "तुमच्या सूचनेवर काम भागवलंत आणि एका माणसाची गाडी चुकली, तर चौकशीत पहिला प्रश्न येईल: तुम्हाला कधी कळलं होतं? उत्तर काय देणार? अठरा सप्टेंबर?"

साहेबांचा पेपरवेट थांबला.

"तारीख मीही ढकलू देणार नाही," ताई म्हणाली. "तेवढ्यासाठीच काम आज सुरू करू द्या. मला हिला रोज फोन करायची मोकळीक हवी. कागद मागून येऊ देत."

"आणि होईल का तीस तारखेच्या आत?"

"नाही झालं तर आम्ही दोघी येऊन सांगू, नाही झालं म्हणून."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं. "एक विचारू? तुम्ही दोघी..."

"बहिणी," आम्ही एकदमच म्हणालो, आणि दोघीही भलतीकडं बघायला लागलो.

"मग हे आधी सांगायचं की हो! मी महिनाभर तुमची पत्रं सौम्य करून पुढं पाठवतोय." मान हलवत त्यांनी होकार दिला.

ते "आश्चर्य" तेवढं कसं सुटलं कोण जाणे.

बुधवार, २५ सप्टेंबर

लाल, लाल, लाल. ताईनं सुचवलं की तोतयांची अदलाबदल करू. तिच्या सर्व्हिसचा तोतया ती लिहून देईल, माझ्या सर्व्हिसचा मी. आपल्या सवयी आपल्याला ठाऊक असतात. आणि कशा! तिच्या तोतयानं माझी सर्व्हिस पार भुईसपाट केली. गाडी निघायच्या आत पत्ता बदलतो. पहिल्या मेसेजच्या आधी दुसरा पोचतो. बदललेला पत्ता परत पहिलाच होतो, कारण फोन करणारा म्हणतो, "थांबा, मघाचाच बरोबर होता." मी तिला फोन केला, "असं कोण करतं?"

"तू. बाहेर जेवायला गेलो की."

मी पाठवलेला तोतया तिला कधीकधी पोचच देत नाही. तिची सर्व्हिस गोंधळली. दुपारी तिचा फोन, "तुझं हे बाळ मेलं की जिवंत आहे?"

"ते गप्प बसतं कधीकधी."

"तुझ्यावर गेलंय."

कामाशिवाय दुसरं बोललो नाही. पंतोजी पडदा बघून म्हणाले, कपाळभर कुंकू लावल्यासारखं लालभडक दिसतंय. पाच दिवस उरले. झोप लागते, पण आत कुणीतरी जागं असतं.

शनिवार, २८ सप्टेंबर

माझं हिरवं. तिचं एक अजून लाल.

संध्याकाळी तिचंही हिरवं. तिनं नुसता ठिपक्याचा फोटो पाठवला. मी कितीतरी वेळ त्या ठिपक्याकडं बघत बसले. या महिन्याच्या सुरुवातीलाही सगळं हिरवंच होतं. तेव्हा साहेब खूश होते आणि मीही.

सोमवार, ३० सप्टेंबर

सकाळी जुनी यंत्रणा बंद झाली. साहेब, ताई आणि मी कंट्रोल रूमच्या मागच्या भिंतीला खुर्च्या टाकून बसलो. ताईनं पाय समोरच्या स्टुलावर ठेवला होता.

सकाळ साधी गेली. दुपारी जेवणं उरकत होती तेव्हा एक फोन आला. गोदामाच्या कामावर माणूस उंचावरून पडलाय, शुद्ध नाही. फोन करणारा त्याचा सोबती. "रेल्वे गोदाम, मागचं फाटक." गाडी निघाली. नकाशावरचा ठिपका मोठ्या रस्त्याला लागला.

मग तो सोबती दुसऱ्याच आवाजात म्हणाला, "मागचं बंद आहे! कुलूप आहे! पुढून, पुलाच्या बाजूनं या. ऐकताय ना?"

फोन घेणाऱ्या मुलीनं पत्ता बदलला. मी माझ्या पडद्याकडं बघत होते. दुसरा आकडा असलेला मेसेज आला. नवा पत्ता. लगेच मागून, पोच उशिरा गेली म्हणून रांगेनं पहिला मेसेज पुन्हा पाठवला. जुना पत्ता.  सर्व्हिसनं तो बघितला, आकडा जुना म्हणून पोच दिली, सोडून दिला, आणि या वेळी टिपूनही ठेवला. पत्ता नवाच राहिला.

पण ठिपका सरळ चालला होता. पुलाचा फाटा आला. ठिपका सरळच.

"का वळत नाहीये?" साहेब उठून उभे राहिले.

ताईनं माझं मनगट धरलं. तिची नखं अजून उमटलेली आहेत.

वायरलेसवर ड्रायव्हरचा आवाज आला, "पत्ता बदललेला दिसतोय. समोर ट्रक आहे, पुढून वळून येतो." ठिपका थांबला. मग मागं फिरला आणि पुलाकडं निघाला.

 कितीतरी वेळानं, म्हणजे तसा वाटला, पडद्यावर ओळ आली: रुग्ण गाडीत घेतला. श्वास चालू.

पुढं त्याचं काय होईल ते आमच्या पडद्यावर येत नाही. तिथून तो हॉस्पिटलचा. साहेब बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. ताईनं मनगट सोडलं आणि म्हणाली, "रविवारी ये घरी. आईला बरं वाटेल."

"तुला?"

"ये तर आधी."

रविवार, ६ ऑक्टोबर

गेले. आईनं दार उघडलं आणि मला बघून इतकी गडबडली की आधी दारच लावून घेतलं, मग परत उघडलं. मला वाटलं होतं आनंदेल. आनंदली, पण सारखी आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत होती. आम्ही काही बोलायला लागलो की म्हणायची, "चहा टाकू? पंखा लावू?"

मग व्हायचं ते झालं. सुरुवात मी केली. "आईला न्यायच्या आधी मला विचारायला हवं होतंस."

"आणि तू बाबांना पोचवून आठवड्याच्या आत परत जायला नको होतंस," ताई म्हणाली. "रोज संध्याकाळी ही दारात उभी राहायची, बाबा येतील म्हणून. मी रोज तिथून इथं, इथून तिथं. तुला काय विचारू? तू फोनवर म्हणायचीस, कामात आहे, नंतर बोलू."

"दारात? मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायला तू उचलायला हवा होतास ना फोन!"

आवाज चढले. ती म्हणाली मी पळपुटी आहे. मी म्हटलं तिला सगळं आपल्या मुठीत हवं असतं. मी आणखीही म्हणाले, ते लिहीत नाही. ती रडायला लागली. ताई. मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते सहन होईना, म्हणून मी पर्स उचलली आणि दाराशी जाऊन पायात चपला सरकवल्या.

आई आतल्या खोलीतून आली. मला वाटलं, आता म्हणेल, ताईच्या मनात तसं नाही गं, किंवा ताईला म्हणेल, धाकटी आहे, सोडून दे. नेहमी तसंच म्हणते. पण ती खुर्ची ओढून आमच्या मधोमध बसली, हात मांडीवर ठेवून.

"मी थकले," आई म्हणाली. "मला आता नाही जमत, हिचं तिला, तिचं हिला, पदरचं घालून सांगणं. काय बोलायचं ते एकमेकींच्या तोंडावर बोला. भांडायचंय ना? भांडा. पण इथं बसून भांडा."

 ताईनं पदरानं नाक पुसलं, स्टुलावरचा पाय खाली घेतला आणि सोफ्यावर थोडी सरकली.

मी चपला काढल्या.